बैठे काम, उभे दुखणे

खंडेनवमीला आपल्याकडे आयुधांची पूजा होते. सुतार रंधा-करवत पुसून ठेवतो, शिंपी यंत्राला तेल घालतो, रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ बांधतो आणि अलीकडे कचेरीकचेरीतून संगणकालाही हळदकुंकवाचे बोट लागते. पुढे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्या पुजल्या जातात. या साऱ्या पूजेअर्चेत एका आयुधाची मात्र दरसाल आठवण राहून जाते. ते म्हणजे त्या संगणकापुढे बसणाऱ्या माणसाची पाठ, मान आणि मनगट! यंत्र बिघडले तर कंपनीचा माणूस येतो आणि नवा भाग बसवून जातो. मनगट बिघडले तर नवे कोठून आणावयाचे?

हा विचार मला सुचला तो मागल्या दिवाळीत, चकल्या करताना. ती हकीगतच आधी सांगतो.

चकलीचा सोऱ्या

फराळाला आमच्याकडे सारा गोतावळा जमतो. भाजणी मळून झाली आणि पितळी सोऱ्या माझ्या भाचीच्या हाती आला. ही मुलगी अठ्ठावीस वर्षांची, पुण्यास हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीस. धडधाकट, रविवारी सिंहगड चढून उतरणारी. पण पहिला घाणा तिने कसाबसा काढला, आणि दुसऱ्याच्या वेळी सोऱ्या खाली ठेवून ती हात झटकू लागली.

"आजकालच्या मुलींना एवढ्यातच दमायला होतं," तिची आई म्हणाली. भाचीने हसून वेळ मारून नेली. पण खुर्चीवर बसून तळणीवर देखरेख करणाऱ्या माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या मावशीने ते हात झटकणे बरोबर टिपले.

"पोरी, इकडे ये बघू. रात्री हात बधिर होऊन जाग येते का गं तुला?"

"येते. तुला कसं कळलं, आजी?"

"आणि उठून असा झटकलास की बरं वाटतं? अंगठा आणि पुढची दोन बोटं मेल्यासारखी होतात, करंगळी मात्र जागी असते?"

भाची तिच्याकडे पाहतच राहिली. गेले सहा महिने तिने ही गोष्ट घरातही कोणाला सांगितली नव्हती. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. अशात ‘हात दुखतो म्हणून रडणारी मुलगी’ असे नाव पडले तर काय, ही धास्ती!

मावशीने आपला उजवा तळवा तिच्यापुढे उघडला. अंगठ्याच्या मुळाशी तुमच्याआमच्या हाताला मांसाचा जो उंचवटा असतो, तेथे मावशीच्या हाताला खळगा आहे. त्या हाताने तिला सदऱ्याचे बटणही लावता येत नाही. "मीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं," एवढेच ती म्हणाली.

मावशी १९६१ साली मुंबईस फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि छत्तीस वर्षे तेथेच राहिली. त्या काळच्या लोखंडी टाइपरायटरची कळ म्हणजे काही आजच्यासारखी मऊ कळ नव्हे. खाली चार-पाच कार्बन घातले, की शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून प्रत्येक ठोका जोरानेच हाणावा लागे. हिशेब करून पाहा. मिनिटाला चाळीस शब्द आणि शब्दाला सरासरी पाच अक्षरे धरली, तरी मिनिटाला २०० ठोके झाले. तासाला १२,०००. दिवसाकाठी पाच तास खरे टायपिंग धरले, तर ६०,००० ठोके! गिरणीतल्या मागावर एवढे ठोके पडले तर मालक दर आठवड्याला त्याला तेल घालतो. मावशीच्या बोटांना तेल कोणी घातले नाही. हात बधिर होतो असे तिने एकदा वरिष्ठांच्या कानावर घातले, तेव्हा ‘बसल्या जागी कसली आली आहे दुखापत?’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर ती गप्प बसली.

तीनशे वर्षांची ओळख

वास्तविक ‘बसल्या जागची दुखापत’ वैद्यकाला मुळीच नवी नाही. इटलीत मोडेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. कामकऱ्यांच्या रोगांवर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्याने इतर प्रश्न विचारावेतच, पण त्यांच्या जोडीला ‘तू धंदा कोणता करतोस?’ हेही अवश्य विचारावे, हा त्याचा आग्रह. १७१३ साली ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात लेखनिकांचाही समावेश झाला. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने चालणारी अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वी दौत-लेखणीच्या काळात लिहिलेली ही यादी हिंजवडीतल्या कोणत्याही मजल्यावर आजही तंतोतंत लागू पडेल! रामाझ्झिनीच्या ओळखीचा एक लेखनिक लिहून लिहून उजव्या हाताने अधू झाला. त्याने मोठ्या चिकाटीने डाव्या हाताने लिहावयास शिकून घेतले, तर काही दिवसांनी तो हातही त्याच वाटेने गेला. हात बदलला, पण कामाची रीत बदलली नाही, हे त्याचे चुकले.

पुढे तारायंत्र आले आणि ‘कडकट्ट’ करणाऱ्या तारबाबूंच्या हातात गोळे येऊ लागले. ब्रिटनने १९०८ साली या विकाराचा भरपाई देण्याजोग्या रोगांच्या यादीत समावेश केला. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत कायमची बंद झाली. तारबाबूंचे दुखणे मात्र मागे राहिले, आणि संगणकवाल्यांनी ते वारशाने घेतले.

काम माणसाच्या अंगाला बेतून कसे द्यावे याचे आता एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम. पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्की या शास्त्रज्ञाने हा शब्द १८५७ साली घडवला. १९४९ साली ब्रिटनमध्ये तो नव्याने रूढ झाला. नाव अवघड असले तरी तत्त्व कोणत्याही शिंप्याला ठाऊक आहे. कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने बेतावा, गिऱ्हाईक कपड्याच्या मापाने नव्हे!

न हलण्याचे श्रम

‘पण बसण्यात श्रम ते कसले?’ असे वाचक विचारतील. त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. पाण्याने भरलेला तांब्या हातात घ्यावा, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे धरावा आणि घड्याळाकडे पाहावे. जो गृहस्थ दोन बादल्या घेऊन जिना सहज चढतो, त्याचाही हात दोन-तीन मिनिटांत थरथरू लागेल. ओझे फार नाही. मग असे का? स्नायू आवळतो आणि सैल पडतो, तेव्हा त्यात रक्त खेळते. आवळलेलाच राहिला, की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ताजे रक्त पुरेसे येत नाही, थकवा साचत जातो. चालणाऱ्या माणसाचे पाय म्हणूनच तासभर चालतात, आणि पडद्याकडे टक लावून बसलेल्याची मान तासाभरात भरून येते.

त्या मानेवर ओझे तरी किती? माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे, म्हणजे जवळजवळ पाच किलो पिठाच्या पिशवीएवढे असते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई बोलत बोलत घरी येते. तीच कळशी अंगापासून दूर धरून चार पावले टाकून पाहावीत! डोके सरळ मानेवर तोललेले असते, तेव्हा ती कमरेवरची कळशी असते. मोबाइलवर वाकलात, की तीच दूर धरलेली कळशी होते.

मनगटाचे तंत्र आणखी निराळे आहे. तळहाताच्या मुळाशी आठ लहान हाडांची एक कमान आहे, आणि तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला आहे. त्यामुळे तेथे खंडाळ्याच्या घाटातल्यासारखा एक बोगदाच तयार होतो. बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध त्या अरुंद वाटेने जातात, आणि त्यांच्याच गर्दीत एक मऊ नस. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना या नसेमुळे स्पर्श कळतो. गर्दी वाढली, सूज आली, मनगट वाकलेलेच राहिले, की पहिला चेंगरतो तो हा मऊ प्रवासी! करंगळीची नस बोगद्याबाहेरून जाते, म्हणून करंगळी जागी राहते. मावशीने शास्त्र शिकले नव्हते. पण तिने विचारलेला प्रश्न कोणत्याही डॉक्टराने विचारावा असाच होता.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हा ‘कार्पल टनेल’चा विकार निव्वळ टायपिंगनेच होतो, असे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. हाताचा जोर लागणारी आणि थरथरणाऱ्या हत्यारांची कामे याबाबत अधिक घातक आहेत. मधुमेह, थायरॉईड, संधिवात, गरोदरपण यांनीही तो होतो. म्हणून दुखणाऱ्या प्रत्येक मनगटाचे खापर कीबोर्डवर फोडू नये. तसेच ‘कीबोर्डने काय होते!’ म्हणून उडवूनही लावू नये.

मापाची खुर्ची, आजीचा पाट

आता उपाय. यासाठी हजारोंची खुर्ची आणलीच पाहिजे असे नाही.

सुरुवात पायांपासून करावी. खुर्चीवर मागे सरकून बसले, की पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण कमरेच्या पातळीत आले पाहिजेत. गुडघ्यामागची जागा आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. कमरेला मागून आधार हवा. खुर्चीला नसेल तर टॉवेलाची गुंडाळी चालते.

आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे. कचेरीतले मेज बहुधा सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचे असते. उंच माणसाला ते ठीक. पण पाच फुटांच्या बाईला त्यावर हात ठेवावयाचा तर खांदे वर उचलावे लागतात. आठ तास उचललेले खांदे म्हणजे पुन्हा तो तांब्याच! खुर्ची उंच केली, तर पाय लोंबकळतात आणि मांड्यांखाली कड रुतते. यावर आपल्या घरात पूर्वापार एक नामी वस्तू आहे: जेवायला बसण्याचा पाट. खुर्ची उंच करावी आणि पायांखाली पाट घ्यावा. भाचीच्या कंपनीत आज तिच्या मेजाखाली तिच्या आजीचा पाट आहे. पहिल्या दिवशी लोक हसले. महिन्याभरात आणखी दोघींनी घरून पाट आणले.

हातांची खूण अशी. दंड अंगालगत सैल सोडावेत, कोपर काटकोनात वाकवावे. पंजा जेथे येईल तेथे कीबोर्ड हवा. मनगट वर, खाली किंवा बाजूला न मुरडता सरळ राहावे. टाइप करताना ते मेजाच्या कडेवर दाबून ठेवू नये. माऊस कीबोर्डला खेटून असावा. तो हातभर दूर ठेवला, की खांद्याची शिक्षा सुरू झालीच. फोन कान आणि खांदा यांत धरून टाइप करण्याची फुशारकी तर कोणी मारूच नये.

पडदा समोरासमोर, हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. दोन भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांनी तो आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहावे म्हणून हनुवटी वर करून मान मोडून घ्यावी लागते. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी लववतो आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद पाहावे, असा एक लक्षात ठेवण्याजोगा पाढा आहे.

लॅपटॉप ही वस्तू मात्र मुळातच अडचणीची. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीने जोडलेले. हात सुखी करावेत तर मान वाकते, मान सुखी करावी तर हात उचलावे लागतात. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कचेऱ्या घराघरांत शिरल्या, तेव्हा कोणी पलंगावर, कोणी ओट्याशी, कोणी मांडीवर उशी घेऊन काम केले. तात्पुरती म्हणून केलेली ती सोय कित्येक घरांत कायमची होऊन बसली. भाचीचे दुखणेही त्या पलंगावरच सुरू झाले. उपाय सोपा आहे. लॅपटॉप जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर किंवा डब्यावर चढवावा, आणि कीबोर्ड व माऊस निराळे घेऊन खाली ठेवावेत.

उठा, चार पावले चाला

इतके सगळे केले तरी दिवसभर एकाच आसनात बसलात, तर दुखणे टळत नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम उतरत्या मेजापुढे गादीवर बसे. पण कधी मांडी घाली, कधी एक गुडघा उभा करी, कधी लोडाला टेके, आणि पान लावायला उठे ते निराळेच. मावशीच्या टाइपरायटरलाही ओळ संपली की घंटी वाजे, दांडा ढकलावा लागे, कागद बदलावा लागे. या क्षुल्लक खोळंब्यांत हाताला विसावा मिळे. संगणकाने ते सारे खोळंबे नाहीसे केले आणि त्यांच्याबरोबर विसावाही नाहीसा केला! तो आता आपणच मागून घेतला पाहिजे. दर अर्ध्या तासाने एकदा उठावे; पाण्याची बाटली मुद्दाम दूर ठेवावी; शेजारच्या मेजावरच्या माणसाला निरोप धाडण्याऐवजी चालत जाऊन बोलावे. उभ्याने काम करण्याची मेजेही निघाली आहेत. पण दिवसभर उभे राहणे हाही उपाय नव्हे. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या नोकरांना बसण्याची सोय मिळावी म्हणून केरळला २०१८ साली आणि तामिळनाडूला २०२१ साली कायदा दुरुस्त करावा लागला, हे ध्यानात घ्यावे.

सांगण्याची लाज नको

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे दुखणे पावलापावलाने येते. प्रथम काम करताना दुखते आणि रात्री थांबते. मग सकाळीही राहते. मग कामाविना दुखते. पहिल्या पायरीवर असताना बैठक सुधारली, विसावा घेतला, तर ते बहुधा परत फिरते. हाताला मुंग्या येणे, रात्री जाग येणे, हातातून कप निसटणे, दंडापर्यंत किंवा पायात कळ जाणे, यांपैकी काही दिसले, की तेल चोळत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. पाठीच्या दुखण्याबरोबर दोन्ही पाय बधिर होऊ लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक रात्रही थांबू नये.

आणि कचेरीत सांगावे. भाचीने मागल्या दिवाळीनंतर धीर करून आपल्या वरिष्ठांना सांगितले. आकाश कोसळले नाही. निराळा कीबोर्ड मिळाला, कामाच्या मध्ये थोडी सूट मिळाली. डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ राहावे म्हणून पट्टी दिली. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. मात्र सगळ्यांनाच असे वरिष्ठ भेटत नाहीत, हेही खरे. ब्रिटनमध्ये १९९२ सालच्या नियमांनुसार, पडद्यापुढे काम करणाऱ्यांची बैठक तपासणे आणि त्यांना मधून मधून विसावा मिळेल अशी कामाची आखणी करणे, ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहताही शहाण्या मालकाला हा हिशेब कळावा. एका पाटाची किंमत ती काय, आणि कामात मुरलेल्या माणसाचा हात गेला तर त्याची किंमत ती काय! रामाझ्झिनीचे तिसरे कारण, मनावरचा ताण, हे तर सर्वस्वी वरिष्ठांच्याच हाती असते.

यंदा भाजणी मळून झाली तेव्हा भाचीने आपण होऊन सोऱ्या मागून घेतला. दोन घाणे काढले आणि मग तो मुकाट्याने माझ्या हाती दिला. "दमलीस का?" मी विचारले. "दमायच्या आधीच थांबले," ती म्हणाली.

खुर्चीवरून मावशी हसली. आपला तो खळगा पडलेला हात तिने भाचीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "हे मला कोणी विशीत शिकवलं असतं, तर आज तुझ्या चकल्या मीच पाडल्या असत्या!"